चौकीवरचा न्हावी

माझा मोठा भाऊ बावीस वर्षं फौजेत होता. तिथे तो न्हावी होता. यातलं पहिलं वाक्य मी हजारदा सांगितलं असेल, दुसरं एकदाही नाही.

आमचं गाव चोपड्याजवळ. केळी आणि कापूस करणारं घर. भरतीच्या मैदानावर भाऊ धावण्यात पहिल्या पाचात आला होता, पण दहावीच्या गणितानं त्याचा घात केला होता. शिपाई व्हायला दहावी लागायची. आठवीवर आचारी, धोबी, न्हावी, सफाईवाला एवढीच कामं मिळायची. पोळ्याच्या आधी बैलांचे केस कातरण्यात गावात भावाचा हात धरणारा कोणी नव्हता. तेवढ्या भांडवलावर त्यानं न्हाव्याची परीक्षा दिली आणि पास झाला. घरी कळलं तेव्हा आई रडली, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं. वडील म्हणाले, "फौजमा गया इतलंच सांगानं. पुढलं काही सांगानं नही." आम्ही सगळ्यांनी ते इमानदारीनं पाळलं. न्हाव्यापुढे मान वाकवून बसायला आमच्या घरात कुणाला कधी कमीपणा वाटला नाही. कमीपणा होता तो त्याच्या जागी उभं राहण्यात.

गावात हे एकाच माणसानं ओळखलं होतं, आमच्या म्हाताऱ्या न्हाव्यानं. त्यांना सगळे नाना म्हणत. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा रजेवर आलेल्या भावानं दार लावून त्यांचे केस कापले. भाऊ परत गेल्यावर नाना आले. त्यांनी वडिलांच्या मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाऊ हात शिकेल शे." म्हणजे हा हात शिकलेल्या न्हाव्याचा. मी म्हटलं, जळगावला नेऊन कापून आणले. उठून बसता न येणाऱ्या माणसाला केस कापायला पन्नास-साठ किलोमीटर कोण नेतं? नाना नुसते हसले, पण गावात त्यांनी कधी ब्र काढला नाही.

मी जळगावला ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर कॅलिपर लावून नळीची जाडी मोजायची, कमी भरली की बाजूला टाकायची. चाळिशी उलटल्यावर मला मॉडेलचं खूळ लागलं. फोनवर कोणाला तरी प्लास्टिकचे सुटे भाग जोडून युद्धाचा छोटा देखावा तयार करताना पाहिलं. डायोरामा म्हणतात त्याला. त्यातली माणसं खऱ्या माणसाच्या पस्तिसाव्या हिश्श्याची, म्हणजे करंगळीएवढी. बायको म्हणाली, "पोरांची खेळणी संपली, आता बापाची सुरू झाली." मी तिला खरं कारण सांगितलं नाही. पुढच्या वर्षी भाऊ निवृत्त होणार होता. आमच्याकडे फौजी घरी परतला की उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, मग सत्कार होतो. त्या सत्काराच्या टेबलावर मला बर्फातली एक चौकी ठेवायची होती, मशीनगन रोखलेल्या जवानासकट. बावीस वर्षं तोंडी चाललेल्या खोट्याला मला आता पुरावा हवा होता.

नवशिक्यानं कराव्यात तेवढ्या चुका मी केल्या. पहिल्या जीपचा सांगाडा जोडून कारखान्यात दाखवायला नेला आणि स्कूटरच्या डिकीत विसरलो. महिना मे, गाव जळगाव. संध्याकाळी डिकी उघडली तर जीप केळीच्या घडाच्या दांड्यासारखी वाकलेली. काचेला झटपट चिकटणारा गोंद लावला, तर काच मोतीबिंदू झाल्यागत पांढरी पडली. चुकलेला रंग काढायला बायकोचं नेलपॉलिश पुसायचं औषध वापरलं, त्यात एका जवानाचं नाक आणि हनुवटी विरघळून गेली. बर्फासाठी शेतातला कापूस आणला, तर चौकी फाटलेल्या गादीत बसल्यासारखी दिसायला लागली. खडीच्या जागी मी डाळमिलमधली तुरीची चुनी पसरली. रंग अगदी हुबेहूब होता, मी स्वतःवर खूश झालो. पंधरा दिवसांत त्यातून डाळीचे किडे निघाले आणि माझ्या जवानांच्या अंगावर चालून गेले. त्या चौकीवर झालेला हल्ला एवढा एकच.

दोन जवान मात्र बरे जमले. एक मशीनगनमागे पालथा पडलेला, एक दुर्बीण लावलेला. मशीनगनवाल्याला मी भावासारखी मिशी रंगवली.

निवृत्तीच्या चार महिने आधी भाऊ पेन्शनच्या कागदांसाठी रजा घेऊन आला आणि आठवडाभर माझ्याकडे राहिला. मी मोठ्या कौतुकानं त्याला देखावा दाखवला. तो खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. मग मशीनगनवाल्याच्या उघड्या हातांवर बोट ठेवून म्हणाला, "अशा थंडीमा उघडा हातवरी लोखंड धरं ते चामडी निंघी येस." मी हातमोजे रंगवले. मग त्यानं विचारलं, "यामा मी कोठे शे?"

मी मिशी दाखवली. तो हसला, पण ते हसू लगेच मावळलं. "मी कव्हय बंदूक चालाडी रे?" म्हणाला. सराव सगळ्यांनाच असतो, बंदूक त्यालाही यायची. पण ते त्याचं काम नव्हतं. त्याचं काम काय होतं हे बावीस वर्षांत मी त्याला विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं आपणहून सांगितलं. वरच्या चौक्यांवरून तीन-तीन महिन्यांनी पोरं खाली उतरायची. केस खांद्यावर, दाढीत बर्फाचे गोटे, ओठ फाटलेले. ती आधी त्याच्याकडे यायची, घरी फोन नंतर. तो गरम पाण्यानं दाढी सोडवायचा, मग कात्री लावायचा. निम्मी पोरं तशीच बसल्या बसल्या झोपून जायची. मान पडू नये म्हणून तो एका हातानं डोकं धरून दुसऱ्या हातानं काम करायचा. "तेस्ले उठाडाना जीव व्हये नही," तो म्हणाला. हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळला होता की मी दुसरीकडे बघायला लागलो.

मग त्यानं मनातलं सांगितलं. धुळ्याला त्यानं एक गाळा पाहून ठेवला होता. केस कापायचं दुकान टाकायचं, माजी सैनिकाचं. गावात नाही, जळगावातही नाही. "आठे टाकं ते तुमले लाज वाटी," असं तो रागानं नाही, समजूतदारपणे म्हणाला. आणि माझा देखावा त्याला दुकानात ठेवायचा होता. "गिऱ्हाईक वाट देखत बठस, तेले काही देखाले पाहिजे ना. पन यामा मी पाहिजे."

वाकलेल्या जीपचा चालक माझ्याकडे तसाच पडून होता, बसलेला. भावानं तो उचलला, स्टिअरिंग धरलेले हात कोपरापासून कापले आणि मांडीवर ठेवले. चहा गाळल्यावर गाळणीच्या फडक्याची एक चिंधी कापून पातळ गोंदात बुडवली आणि त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली. त्याला रॉकेलच्या डब्यावर बसवलं. नाक-हनुवटी गेलेल्या जवानाला पुटीनं नवा चेहरा दिला आणि डब्यामागे उभं केलं. तांब्याच्या तारेची दोन टोकं वाकवून केलेली कात्री त्याच्या हातात दिली. ती तार चिमट्यात धरताना मी त्याची बोटं पाहिली. माझा हात श्वासासरशी हलतो. त्याचा हात टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखा स्थिर होता. दोघांच्या एकेका पायात टाचणी घुसवून त्यानं ते चौकीच्या मधोमध बर्फात रोवले. डब्यावरच्या जवानाची मान जराशी कलली होती, न्हाव्याचा डावा हात तिच्याखाली होता. मी आठ महिन्यांत केलं नव्हतं ते त्यानं दोन दुपारींत केलं. मी "छान" म्हणालो.

सत्काराच्या दिवशी सकाळी मी देखावा गाडीत घालून गावी नेला आणि घराच्या ओसरीवर आवरायला बसलो. बाहेर मिरवणुकीची जीप सजत होती, डीजेवाले तारा ओढत होते. भाऊ आंघोळीला गेला होता. मी चिमट्यानं ती दोन माणसं डब्यासकट उपटली आणि खिशात टाकली.

का उपटली, याची बरीच कारणं मी नंतर तयार केली. त्या दिवशी कारण एकच होतं, लाज. आणि खरं सांगायचं तर लाजेखाली आणखी एक घाणेरडी गोष्ट होती. ती दोन माणसं माझ्या सगळ्या देखाव्यापेक्षा सरस झाली होती आणि लोकांनी आधी तिकडेच पाहिलं असतं.

मिरवणूक दीड तास चालली. गुलाल, फुलं, जीपवर उभा भाऊ, कपाळावर टिळ्यांचा थर. शाळेच्या पटांगणात मंडप होता. पांढऱ्या कापडावर माझी चौकी. माइक निवृत्त गुरुजींकडे होता, त्यांनी आधी माझं कौतुक केलं, टाळ्या घेतल्या. मग भावाला टेबलापाशी बोलावून म्हणाले, "आता आमच्या या वीरानंच सांगावं, या चौकीवर ते स्वतः कुठे आहेत?"

भाऊ वाकला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, त्याचे डोळे कुठे गेले ते मला स्पष्ट दिसलं. मधोमध बर्फात टाचण्यांची चार छिद्रं होती. बुजवायचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. अजूनही तो खरं बोलेल अशी भीती मला वाटत होती. भीती हाच शब्द आहे, दुसरा चांगला शब्द सापडला असता तर वापरला असता.

त्यानं मशीनगनवाल्यावर बोट ठेवलं. "हाऊ मी," तो म्हणाला.

मागून कोणी तरी ओरडलं, "कितला मारात, भाऊ?"

बावीस वर्षांत भाऊ गावात कधी खोटं बोलला नव्हता. विचारलं की "शे आपली ड्युटी" म्हणून विषय बदलायचा. खोटं बोलायचो ते आम्ही. त्या दिवशी त्यानं माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाला, "मोजात नही."

मंडप नुसता गर्जला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, डीजेवाल्यानं मधेच गाणं लावलं. आईनं पदर डोळ्यांना लावला, या वेळी आनंदानं. मीही टाळ्या वाजवल्या, कारण भाऊ माझ्याकडे बघत होता आणि न वाजवणं जास्त वाईट दिसलं असतं.

लोक पांगल्यावर मी खिशातून ती दोन माणसं काढून त्याच्यापुढे धरली. न्हाव्याचा हात खिशात मोडला होता. म्हटलं, दुकानात ठेवताना पुन्हा लावू, मी दुरुस्त करतो.

"दुकान?" तो म्हणाला. "आते कसं दुकान काढसू? बठ्ठा गावनी आयकं."

"सगळ्या गावानं ऐकलं तरी धुळ्याला कोण येतंय बघायला?" मी म्हटलं.

"चोपडाना मानूस धुयाले जास नही का?" एवढं बोलून तो खुर्च्या उचलायला गेला. मंडपवाला नको नको म्हणत असताना तो खुर्च्या एकात एक घालत राहिला. त्या रात्री तो जेवला, सगळ्यांशी नीट बोलला. माझ्याशीही बोलला. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

धुळ्याचा गाळा हातचा गेला. भाऊ आता नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर असतो. जाहिरातीत बंदूक चालवता येणारा माजी सैनिक हवा, असं लिहिलं होतं. गावाला तेही आवडलं, फौजीला शोभेसं काम म्हणतात. देखावा ग्रामपंचायतीनं मागून घेतला, तो सरपंचांच्या खुर्चीमागे काचेत आहे. मी त्यानंतर एकही मॉडेल जोडलं नाही.

मागच्या महिन्यात कारखान्याच्या कामानं धुळ्याला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून नरडाण्याला त्याला भेटलो. गणवेश, खांद्याला बंदूक, पुढ्यात गाड्यांची नोंदवही. त्यानं चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. आम्ही दोघं फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत बसलो होतो. आयुष्यात एकदाही मी त्याला माझ्या डोक्याला हात लावू दिला नव्हता. काय झालं कोण जाणे, मी एकदम म्हणालो, "भाऊ, मना केस कापी देशी का?"

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. भावानं बंदुकीचा पट्टा सरळ केला आणि उठला.

"मी कोठे न्हावी शे रे?" तो म्हणाला आणि फाटक उघडायला गेला.