कळमनुरीत दिलेला अमेरिकेचा पेपर

कळमनुरीच्या स्टँडवरून मी निघाले त्या दिवशी नांदेडच्या गाडीवर ड्युटी दादांचीच होती. दादा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. लेक लग्न होऊन अमेरिकेला चालली म्हटल्यावर दुसऱ्या कुठल्याही बापानं रजा टाकली असती. दादा डेपोत म्हणाले म्हणे, "मीच सोडून राहिलो की तिला, रजा काहून टाकू?" त्यामुळे माझी पाठवणी अशी झाली, की आई खिडकीखाली उभी राहून रडतेय, धाकटा भाऊ संजू टपावर बॅगा बांधतोय आणि बाप समोर काचेतून बघत स्टेअरिंग धरून बसलाय. गाडी चालवताना बोलायचं नाही हा त्यांचा नियम, तो त्यांनी त्या दिवशीही मोडला नाही. नांदेडला उतरल्यावर एवढंच म्हणाले, "तिकडं काहीतरी शिक. नुसती बसू नको." आणि पुढच्या फेरीचे प्रवासी चढायला लागले.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. माझ्या पासपोर्टवर मात्र जन्माचा जिल्हा परभणी असाच राहिला. तुम्ही मागं राहिलेले लोक म्हणता, ही गाव सोडून गेली. अहो, मी एकटीच हलले असं कुठंय? माझा तर जिल्हासुद्धा हलला!

ओहायोत आम्ही राहायला गेलो तिथं घरासमोर बर्फ आणि मागं पार्किंग. नवरा कॉम्प्युटरच्या नोकरीत, सकाळी अंधारात जायचा, अंधारात यायचा. गावात दारासमोरून जाणारं माणूस ओळखीचं नसलं तरी "कोणाकडचे?" असं विचारता यायचं. इथं वर्षभर शेजारणीचं नाव कळलं नाही. मुलगी झाली, ती बोलायला लागली, आणि मला दादांचं ते एक वाक्य टोचायला लागलं. मला नर्स व्हायचं होतं. बारावीनंतरच व्हायचं होतं, पण तेव्हा स्थळ आलं आणि विषय संपला. आता विचारणारं कोणी नव्हतं आणि अडवणारंही.

घराजवळच्या कॉलेजात गेले तर तिथल्या बाईंनी सगळं गोड बोलून समजावलं आणि शेवटी एक काटा पुढ्यात ठेवला. नर्सिंगला जायचं तर आधी 'कॉलेज अलजेब्रा' पास पाहिजे. अलजेब्रा म्हणजे आपलं बीजगणित! दहावीला मी त्यात काठावर सुटले होते आणि पेढे वाटताना आई म्हणाली होती, "सुटली बाई एकदाची त्या गणितातून." सुटली कसली, ते सात समुद्र ओलांडून माझ्या आधी तिथं जाऊन बसलं होतं.

वर्ग संध्याकाळी भरायचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मला गाडी चालवता येत नव्हती. ड्रायव्हरची पोरगी मी, पण खरं ते खरं. जाताना बस मिळायची, येताना मिळेल याची खात्री नाही. मुलीचा कान दुखायला लागला आणि त्याच आठवड्यात बर्फानं रस्ते बंद झाले, तेव्हा मी वर्ग सोडला. त्या रात्री भांडी जरा जोरातच घासली. नवऱ्यानं ती पुसून जागेवर लावली, शहाणा आहे.

मग लायब्ररीत मुलीला चित्रांची पुस्तकं दाखवायला गेले असताना भिंतीवर एक कागद दिसला. तोच कोर्स, तेच कॉलेज, पण घरबसल्या कॉम्प्युटरवर. धडे सीडीवर यायचे, गृहपाठ इंटरनेटवरून पाठवायचा, अडलं तर बाईंना लिहून विचारायचं. मी तो कागद चोरासारखा दोनदा वाचला. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "फळा न्हाई, मास्तर न्हाई, मंग शिकवतंय कोण? फसवून राहिले तुला." दादा मागून ओरडले, "शिकू दे की!"

फळा नव्हता, पण मास्तरीण होती. डनहॅम बाई. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही, पण त्यांनी माझ्या एकाही प्रश्नाला मूर्ख म्हटलं नाही. मी सुरुवातीला सगळी उत्तरं आपल्या पद्धतीनं लाखाचे स्वल्पविराम देऊन लिहायची, तिकडं ते तीन-तीन आकड्यांवर देतात, आणि ते यंत्र बिनदिक्कत चूक म्हणायचं. डनहॅम बाईंनीच ते हुडकलं आणि लिहिलं, गणित बरोबर आहे, फक्त तुझ्या देशातलं आहे. मुलगी झोपली की मी सीडी लावायची, वही मांडीवर घ्यायची, आणि आश्चर्य असं की मला ते कळायला लागलं. दहावीत ज्याची भीती वाटली ते वर्गसमीकरण तिशीच्या उंबरठ्यावर अगदी गरीब गायीसारखं वाटलं. मी खूश होते. तसं स्पष्टच सांगते, इतकी खूश मी अमेरिकेत तोवर झाले नव्हते.

आणि संजूचं लग्न ठरलं. मे महिन्यात, पुसेगावची मुलगी. अंतिम परीक्षेचा आठवडा आणि लग्नाचा आठवडा एकच. परीक्षा चुकली तर कोर्स नापास, आणि त्या वर्षीची नर्सिंगची जागा गेली. पुन्हा रांगेत. पण मी आमच्या घरातली एकुलती एक बहीण, भावाच्या लग्नाला जायचं नाही हे कसं शक्य होतं? डनहॅम बाईंनी वाट काढली. परीक्षा इंटरनेटवर आहे, जगात कुठूनही देता येईल, मात्र समोर एखादे शिक्षक बसलेले हवेत. परीक्षेची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्या शिक्षकांनाच मेलनं जाईल.

माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला. इंगोले सर. कळमनुरीच्या शाळेत त्यांनीच मला बीजगणित शिकवलं होतं, आता तिथंच मुख्याध्यापक होते. भावाकरवी निरोप गेला. सरांना ईमेल नव्हता, तो त्यांनी खास माझ्यासाठी काढला. मी गावी पोचले तेव्हा फोनवर म्हणाले, "तुझ्या बाईंचं पाकीट आलंय. बिनघोर राहा."

परीक्षेच्या दिवशी सकाळी गेले तर सुट्टीतली ओस शाळा झाडून ठेवलेली. कॉम्प्युटरच्या खोलीत एका बाकावर खडूनं माझा बैठक क्रमांक लिहिला होता. आख्ख्या शाळेत परीक्षार्थी मी एक, तरी क्रमांक हवाच! शिपाई शेख चाचा टोल द्यायला हातोडी घेऊन उभे. "पानी पी ले बेटी, घबराना नई," म्हणाले. बरोबर अकराला घंटा झाली. मग सरांनी टेलिफोनची तार जोडली, मेलची पेटी उघडली, आणि शेख चाचांना व मला साक्षीला उभं करून ती मेल पहिल्यांदा उघडली.

त्यात लिहिलं होतं, मेल मिळाल्याची पोच परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत द्यावी, नाहीतर पासवर्ड बंद होईल.

"सर, ही चार दिवस उघडलीच नाही तुम्ही?"

"घंटेच्या आधी पेपर फोडत असतेत काय?" सर म्हणाले, आणि मग त्यांचाच चेहरा उतरला.

पासवर्ड टाकला. बंद. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिकडं मध्यरात्र उलटलेली, डनहॅम बाई झोपलेल्या. सरांवर चिडावं तर कशासाठी? आमच्या भागात कॉपीच्या गोष्टी काही कमी नव्हत्या. त्यात एका माणसानं आयुष्यभर पेपरचं पाकीट वेळेआधी उघडलं नाही, आणि त्याच इमानानं माझं वर्ष जायची वेळ आली होती. मी बाकावर बसून रडले. सरांनी मला रडू दिलं आणि स्वतः एकेक अक्षर शोधत इंग्रजीत मेल लिहिली. त्यातला मजकूर मला आजही पाठ आहे. आमच्याकडे प्रश्नपत्रिका घंटेआधी उघडत नाहीत, म्हणून मी उघडली नाही. चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही.

उत्तर आलं तेव्हा उन्हं कलली होती. डनहॅम बाईंनी लिहिलं होतं, असा पहारेकरी मला आजवर मिळाला नाही, आत्ताच परीक्षा सुरू करा, नवा पासवर्ड खाली आहे. जिवात जीव आला, पण लगेच दुसरी काळजी. घरी त्याच संध्याकाळी संजूची हळद. आमच्या घराण्यात नवरदेवाला पहिली हळद बहिणीनं लावायची, आणि त्याची उष्टी हळद पुसेगावला गेल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. म्हणजे माझ्या एका पेपरापायी दोन गावांचे मांडव अडणार. दादा लुना घेऊन बाहेर थांबलेच होते. ते घरी विचारायला गेले आणि आईचा निरोप घेऊन आले.

"तुझी माय म्हणून राहिली, हळद वाळली तर पाणी टाकता येतंय. पेपराचं तसं न्हाई. बस तू."

मी बसले. मध्येच लाईट गेली, बॅटरीवर एक कॉम्प्युटर आणि एक दिवा तेवढा राहिला. शेख चाचा दर अर्ध्या तासाला टोल देत होते. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा सरांनी तसं मोठ्यानं जाहीर केलं, जणू मागं अजून चाळीस पोरं बसलीत. मी शेवटचं उत्तर पाठवलं आणि सरांच्या पाया पडले. ते म्हणाले, "जा, भाऊ वाट पाहून राहिला."

दादांनी लुना कधी नव्हे ती पळवली. मांडवात गेले तर पेट्रोमॅक्सच्या उजेडात सगळ्या बायका बसून होत्या, हळदीचं ताट ओल्या फडक्याखाली झाकलेलं. पुसेगावहून दोनदा फोन येऊन गेला होता. "हळद कवा येऊन राहिली?" तर आईनं सांगितलं होतं, "पोरगी पेपर देऊन राहिली. ती आली की येतीय." मला पाहून गाणी सुरू होतील असं वाटलं होतं. झालं उलटंच, होतं नव्हतं ते बोलणंही थांबलं. पाटावर कोरडा बसलेला संजू म्हणाला, "ताई, कसा गेला?" आणि ज्यांनी कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्या बायाही माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"बरा गेला," मी म्हणाले, आणि आईनं फडकं काढलं.

पेपर खरंच बरा गेला होता. त्या वर्षी मला जागा मिळाली. आज इथल्या हॉस्पिटलात पेशंटच्या औषधाचा हिशोब करताना गणिताची भीती वाटत नाही. मुलगी मोठी होऊन राहिली, इंग्रजीत स्वप्नं बघते. मी गाडीही शिकले. ओहायोतल्या घराला आता नुसता मुक्काम म्हणणं खोटं होईल, तिथं माझी झाडं आहेत, माणसं आहेत. तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना हे माहीत आहे. जे मागं राहिलात त्यांनी रागावू नये.

पण घर कुठं, असं कोणी विचारलं की पत्ता सांगायच्या आधी मला तो मांडव दिसतो. भरल्या लग्नघरात नवरदेवाला पाटावर कोरडा बसवून ज्यांनी माझा पेपर संपायची वाट पाहिली, ते जिथं आहेत तिथं माझं घर आहे.