वत्सलाबाईंच्या नवऱ्याचा काळ

नाशिक रोडच्या एका सरकारी कचेरीत वत्सलाबाई शिपाई होत्या. त्यांच्याआधी त्यांचा नवरा देवराम त्याच कचेरीत जीपचा ड्रायव्हर होता. एकोणीस वर्षं त्याने जीप चालवली आणि शहाण्णव साली कावीळ होऊन आठ दिवसांत गेला. अनुकंपा तत्त्वावर बाईंना शिपायाची जागा मिळाली. पाच-सहा वर्षं चहापाण्यात आणि फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यात गेली. मग एक दिवस हेडक्लार्क कारभारी भाऊसाहेब म्हणाले, "तुम्ही नववी शिकलेल्या आहात ना? दहावी काढा. क्लार्क व्हाल."

बाईंनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मार्चला सगळे विषय सुटले, इंग्रजी तेवढं राहिलं. अठ्ठावीस मार्क.

शेजारी कौसर राहायची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय इंग्रजीच. ती आपणहून म्हणाली, "मावशी, संध्याकाळी वही घेऊन येत जा. ऑक्टोबरला काढून टाकू."

पहिला महिना बरा गेला. 'आय हॅव अ बॅग', माझ्याकडे पिशवी आहे, इथपर्यंत बाईंचं सगळं सरळ चाललं होतं. मग कौसरने लिहिलं, 'आय हॅव ईटन.'

"म्हणजे माझ्याकडे खाल्लेलं आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही मावशी. मी जेवले आहे."

"मग हॅव कशाला? जेवण तर पोटात गेलं."

"पोट अजून भरलेलं आहे ना? काम मागे झालं, पण त्याचा परिणाम आता आहे. म्हणून हा पूर्ण वर्तमानकाळ."

"पूर्ण झालं तर वर्तमान कसं, बाई?"

कौसरने डोकं खाजवलं. मग तिला सुचलं. "तुमच्या गावाकडे, सटाण्याला, 'भाऊ बाजारात गेला आहे' कसं म्हणतात?"

"भाऊ बाजारमा गयेल शे."

"हां, तेच ते! हॅज गॉन."

बाईंचा चेहरा उजळला. एवढंच होय! त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या हौसेने लिहून आणलं, 'आय हॅव गिव्हन अॅप्लिकेशन यस्टरडे.' कौसरने त्यावर फुली मारली.

"यस्टरडे आलं की हॅव चालत नाही, मावशी."

"का नाय? काल अर्ज दिलाय, असं आख्खं ऑफिस म्हणतं. भाऊसाहेबसुद्धा."

"मराठीत चालतं. इंग्रजीत नाही."

"अन् अर्ज तर अजून टेबलावर पडलेला आहे. मग परिणाम नाय का?"

कौसरने वही मिटून परत दिली. ती म्हणाली, "पाठच करून टाका." बाईंनी पाठ केलं. काल आला की हॅव नाही. इतकी वर्षं म्हणायचं असलं की हॅव आणि फॉर. या दोन नियमांवर त्यांनी दहा वाक्यं रचून आणली. नववं वाक्य होतं, 'माय हजबंड हॅज वर्क्ड इन धिस ऑफिस फॉर नाइन्टीन इयर्स.'

कौसरचं पेन तिथे थांबलं. बाईंना वाटलं, अक्षर लागत नसेल. पण पेन हललं आणि बरोबरची खूण पडली. दहापैकी दहा. ते पान बाईंनी येता-जाता म्हणून तोंडपाठ केलं.

पोळ्याच्या सुमारास दिल्लीहून तपासणीला एक मोठ्या बाई आल्या. वत्सलाबाई चहा घेऊन आत गेल्या तेव्हा साहेब कौतुकाने म्हणाले, "धिस लेडी इज लर्निंग इंग्लिश." दिल्लीच्या बाई खूश झाल्या. त्यांनी काहीतरी विचारलं. त्यातलं 'हाउ लाँग' आणि 'हिअर' एवढंच वत्सलाबाईंच्या कानांनी पकडलं. किती वर्षं, इथे. त्यांनी ट्रे छातीशी धरला आणि नववं वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

"वंडरफुल!" दिल्लीच्या बाई म्हणाल्या. "प्लीज कॉल हिम!"

कॉल हिम म्हणजे त्याला बोलवा. हे वत्सलाबाईंना कळलं, आणि कळलं म्हणूनच त्या जागच्या जागी थिजल्या. कोणाला बोलवा? साहेबांनी मान खाली घातली. भाऊसाहेब फायलीची दोरी सोडू लागले, ती आधीच सुटलेली होती. शेवटी साहेब हळू आवाजात काही बोलले. दिल्लीच्या बाई उठल्या आणि वत्सलाबाईंचा हात हातात घेऊन "सॉरी, सॉरी" म्हणाल्या. चूक कोणाची, सॉरी कोण म्हणतंय, वत्सलाबाईंना काही उमजेना.

बाहेर व्हरांड्यात भाऊसाहेब म्हणाले, "हॅज म्हणालात ना तुम्ही? म्हणजे देवराम अजून कामावर आहे, असं झालं."

त्या तशाच कौसरकडे गेल्या. वही तिच्यापुढे उघडून ठेवली. "तू बरोबर दिलं होतं."

कौसरचे डोळे भरले. "मावशी, तिथे नुसतं वर्क्ड पाहिजे होतं. माणूस गेला की त्याच्या कामाला हॅज लावत नाहीत. तुम्हाला तसं सांगायला माझी जीभ रेटली नाही."

वत्सलाबाईंनी त्या बरोबरच्या खुणेवरून बोट फिरवलं. रागवावं की काय करावं, तेही त्यांना सुचेना. मग म्हणाल्या, "पण त्यांच्यामुळं मी नोकरीला आहे. हा परिणाम नाय का?"

"आहे."

"मग 'ही हॅज डाइड' हे कसं चालतं? पुस्तकात आहे ते. मेलेल्याला मरायला हॅज चालतो, अन् काम करायला चालत नाय?"

कौसरने पुस्तक उघडलं, मिटलं. "मला नाही माहीत, मावशी," ती म्हणाली.

ऑक्टोबरचा पेपर आला. रिकाम्या जागा भरा, त्यात एक वाक्य होतं: तो इथे वीस वर्षं राहणे. वाक्य इंग्रजीत, कंसात क्रियापद. वत्सलाबाईंचं पेन थबकलं. हा 'तो' आहे की गेला? पेपरात काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी हात वर केला. सुपरवायझर जवळ आले.

"सर, हा माणूस जिवंत आहे का?"

"कोण माणूस?"

"पाचव्या प्रश्नातला."

सर त्यांच्याकडे पाहतच राहिले. "गुपचूप लिहा," एवढंच म्हणाले. बाईंनी थोडा विचार केला आणि 'हॅज लिव्ह्ड' लिहिलं. आपल्या हाताने कशाला कोणाला मारा.

एक्केचाळीस मार्क पडले. ऑफिसात पेढे वाटले. क्लार्कची ऑर्डर यायला आणखी तीन वर्षं लागली, आणि आली तेव्हा हातात आवक-जावक रजिस्टर पडलं, तेही सगळं मराठीत.

कौसर तोवर मालेगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागली होती. एकदा माहेरी आली तेव्हा सांगत होती, "वर्गात एका मुलीने विचारलं, लेखक मेला असला तरी त्याने चार पुस्तकं लिहिली आहेत, याला हॅज चालतो का? मी म्हटलं, उद्या सांगते."

"मग सांगितलंस?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"दोन महिने झाले," कौसर म्हणाली. "अजून नाही."