परवाच येऊन गेला

पुस्तक छापून येणं ही आनंदाची गोष्ट आहे, असं ज्यांचं छापून आलेलं नाही ते सांगतात. मला विचाराल तर हात दाखवून अवलक्षण. शाळेतून रिटायर झाले होते, गुमान घरात बसून मेथी निवडली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते सोडून आईवर पुस्तक लिहिलं, पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवलं आणि त्यांनी ते खरंच छापलं. तिथून माझ्या जिवाला जो घोर लागला तो प्रकाशनाच्या दिवसापर्यंत सुटला नाही.

माझ्या प्रती बसच्या पार्सलनं हैदराबादला आल्या. मी आणि ह्यांनी अफझलगंजला जाऊन खोकं सोडवून घेतलं आणि ऑटोत मांडीवर ठेवून अंबरपेठला आणलं. ह्यांनी सुरीनं पट्टी कापली, पहिली प्रत काढून देवापुढे ठेवली. मी दुसरी उचलली आणि सरळ दादाचं पान उघडलं. बाकीच्या पुस्तकाची मला काळजी नव्हती. त्या एका पानाची होती.

दादा माझा थोरला भाऊ. बेगम बाजारात त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. बाबा गेल्यावर त्यानं लांब नवा फ्लॅट घेतला आणि आईला म्हणाला, चल माझ्याकडे. आई अंबरपेठची गल्ली सोडायला तयार नव्हती; आमचं घरही त्याच गल्लीत. शब्दानं शब्द वाढला आणि दादा म्हणून गेला, ‘ठीक आहे, मग मीही या घराची पायरी चढणार नाही.’ आमच्या घरात हट्ट दुधातून येतो. तो म्हणाला ते त्यानं पाळलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, दुसरी दिवाळी आली. आई आजारी पडली तरी तिनं निरोप धाडू दिला नाही, आणि एका सकाळी ती गेली. तेव्हा दादा पायरी चढला.

त्या काळात कुणी विचारलं, ‘काय हो, मुलगा येतो की नाही?’ तर आई सांगायची, ‘परवाच येऊन गेला.’

आता हे ‘परवा’ समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पुण्या-मुंबईकडे परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस, फार तर चार दिवसांमागचा. आमच्या हैदराबादी मराठीत तसं नाही. इथल्या दक्खनी बोलीत ‘परसों’ म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस, आणि तोच आमच्या परव्यात येऊन बसलाय. माझ्या चुलत सासूबाई अजून म्हणतात की माझं लग्न परवा झालं. आणि इकडे माझा मुलगा नोकरीला लागलाय. तेव्हा आई ‘परवाच येऊन गेला’ म्हणायची त्यात खोटं काही नव्हतं. कधीतरी आलाच होता की. त्या एका शब्दाच्या आडोशाला तिनं लेकाची अब्रू झाकली, असं मला वाटायचं. म्हणून मी पुस्तकात एवढंच लिहिलं होतं: ‘दादा परवाच येऊन गेला, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.’ ना दोष, ना ठपका. कळणाऱ्याला कळेल, बाकीचे पुढे जातील.

छापलेलं वाक्य असं होतं: ‘दादा परवाच येऊन गेला, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला खोटंच सांगायची.’

तो शब्द माझा नव्हता. मी पुन्हा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. ‘खोटंच’ तिथंच होता. एका शब्दात माझी आई खोटारडी झाली होती आणि माझा भाऊ आईला न विचारणारा लेक. आणि खाली नाव माझं.

मी पुण्याला संपादकांना फोन लावला. भला माणूस, आवाज मऊ. म्हणाले, ‘ताई, शेवटचा हात फिरवताना विसंगती लक्षात आली. आधीच्या पानावर तुम्ही म्हणता, दादा दोन दिवाळ्या आला नाही. मग आई म्हणते, परवा आला. वाचकाला वाटलं असतं, लेखिकेचा घोटाळा झालाय.’

‘अहो, आमच्याकडे परवा म्हणजे परवा नसतो,’ मी म्हटलं.

‘मग काय असतो?’

मी सांगितलं. ते म्हणाले, ‘अरेरे, तळटीप द्यायला हवी होती. दुसऱ्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करू.’ दुसरी आवृत्ती म्हणे. पहिलीच संपेपर्यंत मी जगते की नाही कुणास ठाऊक. फोन ठेवला तेव्हा माझे हात गार पडले होते.

मला भ्यायला काय झालं, असं कुणी म्हणेल. आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे दादा. पंचमीला बोलावणारा तो, भाऊबीजेला दारात उभा राहणारा तो. आई असताना आमच्यातही अबोला पडला होता, तो कुठं आता मिटत आला होता. आणि दादाचा स्वभाव मला माहीत आहे. एकदा पायरी चढणार नाही म्हणाला की संपलं. आई वाट बघून गेली. मी कोण लागून गेले?

त्यात दादाचा उत्साह. रोज फोन. ‘दुकानात सगळ्यांना सांगितलंय, माझ्या बहिणीची किताब येतेय. पेढे माझ्याकडून. आणि ऐक, एक प्रत आधी धाड की, वाचून तर बघतो.’

‘प्रकाशनालाच घे रे, आधी दिली तर मजा जाते,’ मी म्हणायची.

तिकडून प्रकाशकांच्या ऑफिसातली मुलगी मागे लागली की मॅडम, एक छोटा व्हिडिओ पाठवा, पुस्तक हातात धरा आणि हसत दोन शब्द बोला. ह्यांनी मोबाइल धरला. मी हसले. ह्यांनी तो बघितला आणि म्हणाले, ‘अगं, पुस्तकाला चाललीस की फाशीला?’ पुन्हा काढला, पुन्हा तेच. शेवटी तसाच पाठवला. खाली लोकांनी लिहिलं, किती साधेपणा. साधेपणा कसला डोंबलाचा, पाचावर धारण बसली होती माझी.

मग मी एक येडेपणा केला. शाळेच्या दिवसांपासून घरात व्हाइटनरची बाटली असते. दादाला द्यायच्या प्रतीत मी ‘खोटंच’वर हळूच पांढरं लावलं. वाळल्यावर बघते तर अख्ख्या पानात तेवढंच दिसत होतं. कपाळावर पट्टी बांधलेल्या पोरासारखं ते पान दिसायला लागलं. कुणीही आधी तिथंच बोट ठेवलं असतं. ती प्रत मी कपाटात साड्यांखाली सारली आणि देवाला म्हटलं, आता तूच बघ.

दादाच्या मुलीनं प्रकाशनात एक उतारा वाचायचा, असं दादानंच ठरवून टाकलं. पोरगी गोड आहे, पण सगळं शिक्षण इंग्रजीत. तिचं मराठी बोलणं म्हणजे चार भाषांची खिचडी आणि वाचताना जोडाक्षर आलं की ब्रेक लागतो. मी तिला आईच्या अंबाडीच्या भाजीचं पान दिलं. त्यात कुणाचं काही दुखण्यासारखं नव्हतं. ‘आत्या, तू टेन्शन नको घेऊ, मी प्रॅक्टिस करते ना,’ ती म्हणाली. मी टेन्शन कशाचं घेतलंय हे तिला काय माहीत.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह बऱ्यापैकी भरलं. आपली सगळी मराठी मंडळी, बरीचशी पिकल्या केसांची. पहिल्या रांगेत दादा, वहिनी, शेजारी पेढ्यांच्या खोक्यांची चळत. दादाच्या मांडीवर पुस्तक होतं. मी ह्यांना विचारलं, ‘दादाला प्रत कुणी दिली? बाहेरच्या टेबलावरच्या तर अजून बांधलेल्याच आहेत.’ हे म्हणाले, ‘लेकीनं कधीच ऑनलाइन मागवली म्हणे.’

म्हणजे त्यानं वाचलं होतं. स्टेजवर मी मांडीवरची पर्स दाबून धरून बसले. पुण्याहून आलेले प्रकाशक बोलले, अध्यक्षस्थानी बसलेले आमच्याकडचेच एक निवृत्त हेडमास्तर बोलले. मला एक शब्द कळला नाही. मी दादाकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता.

भाची माइकपाशी आली आणि म्हणाली, ‘आत्यानं मला वेगळं पेज दिलं होतं. पण बाबा म्हणाले, हे वाच.’

तिनं ते पान वाचलं. थांबत थांबत, एकेक अक्षर उचलत. दोन दिवाळ्यांचं वाचलं. आई खिडकीत भाजी निवडत बसायची, ते वाचलं. मला वाटलं उठावं आणि सरळ रस्त्यावर चालू लागावं. मग ते वाक्य आलं. ‘असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला खो… खोटंच सांगायची.’ तिचं तिलाच काहीतरी कळलं असावं, ती बापाकडे बघायला लागली.

दादा उभा राहिला. गेलं माझं माहेर, एवढंच माझ्या मनात आलं.

‘इथं छापायची चूक झालीय,’ तो म्हणाला. आवाज घोगरा होता. ‘आमची आई खोटं बोलत नव्हती. ती परवा म्हणायची. परवा.’

मागून एक म्हातारं हसू आलं, आणि बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं. त्यांना कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. हेडमास्तर प्रकाशकांकडे वाकून म्हणाले, ‘साहेब, आमचा परवा लई मोठा असतो. त्यात माणसाचं आयुष्य मावतं.’ प्रकाशक हसले, पण त्यांना काही समजलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. दादानं मला वाचवलं, चारचौघांत, एका शब्दावर.

मघाशी पहिल्यांदा हसलेल्या त्या आमच्या गल्लीतल्या समोरच्या काकू होत्या. त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, ‘मलाही सांगायची की हो. परवाच येऊन गेला म्हणायची, आणि वर म्हणायची, गाडीसुद्धा बंद केली नाही मेल्यानं.’

लोक पुन्हा हसले. दादा हसला नाही. तो खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसला आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मला पुन्हा भीती वाटायला लागली, आणि ही वेगळीच होती. काय झालं तेच कळेना.

सह्या देताना माझं लक्ष लागत नव्हतं. गर्दी पांगल्यावर मी त्याला शोधलं. तो बाहेर पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांपाशी उभा होता.

‘दादा, चिडलास का रे माझ्यावर?’ मी विचारलं. ‘तो शब्द मी नव्हता लिहिला. शप्पथ.’

‘माहितेय,’ तो म्हणाला. ‘किताब आल्यापासून मला झोप नाही. खोटंच म्हटलंय त्याचं काही नाही गं. मला भीती दुसरीच होती. वाटलं, ते अख्खं वाक्यच तू माझी लाज राखायला रचलंयस. आई तसलं काही म्हणालीच नसेल. म्हणून पोरीला तेच वाचायला लावलं. तिला ओळखणारे चार जण असतील, कुणीतरी बोलेल म्हटलं.’

‘आईच म्हणायची. काकूंनीही सांगितलं ना.’

‘काकू काय म्हणाल्या, ऐकलंस ना?’

‘गाडी बंद केली नाही म्हणून? ते काय?’

दादानं एका खोक्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ‘दुकानाला जाताना मी वाकडी वाट करून गल्लीच्या तोंडाशी यायचो. सकाळी. तू शाळेत असायचीस. ती खिडकीत भाजी निवडत बसलेली असायची. पायरी चढणार नाही म्हणालो होतो ना, तर गाडीवरूनच बघायचो. बंद करत नव्हतो. बंद केली असती तर उतरलो असतो.’

मी त्याचा हात धरला. तो माझ्या हातापेक्षाही गार होता.

‘हाक का नाही मारलीस रे?’

‘तिनं वर बघितलं असतं तर मारली असती,’ दादा म्हणाला. ‘मान खाली असायची गं तिची. मला वाटायचं, तिला दिसतच नाही मी.’