विहिरीच्या पाण्यातला आकडा

आमच्या नाशिकच्या कॉलेजात प्रफुल्ल गांगुर्डे रसायनशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात पाणी पिणारी पावडर बनवायचा. हे पॉलिमर मुळाशी घातलं की पाणी धरून ठेवतं आणि झाडाला हळूहळू देतं. मलमलच्या पुरचुंडीत पावडर बांधायची, बीकरमध्ये बुडवायची, फुगली की वजन करायचं. ती पुरचुंडी टी-बॅगसारखी दिसायची, म्हणून स्टाफरूममध्ये आम्ही त्याच्याकडे चहा मागायचो. बिचारा हसायचा आणि पुन्हा प्रयोगशाळेत जायचा.

अठ्ठ्याण्णव साली पीएचडीचा प्रबंध टाइप होऊन तयार झाला. पावडर स्वतःच्या चारशेपट पाणी प्यायची. विभागप्रमुख निवृत्तीला आले होते. पदवी मिळाली की ती खुर्ची प्रफुल्लचीच, हे शिपायालाही ठाऊक होतं.

त्याच उन्हाळ्यात त्याने हौसेने सटाण्याच्या सासऱ्यांच्या, खंडेरावांच्या, डाळिंबाच्या रोपांना पावडर घातली. तिच्या भरवशावर त्यांनी पाणी कमी केलं. पुढच्या खेपेला गेला तर म्हातारा बांधावर बसलेला.

"जवाईबापू, तुमनी पावडर भारी शे," ते म्हणाले, "पन झाडं मरी ग्यात."

प्रफुल्लने त्यांच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं. त्यात पावडर चाळीसपटही फुगेना. क्षारांनी तिची तहानच मारली होती. आणि हा शहाणा इतकी वर्षं डिस्टिल्ड वॉटरमध्ये मोजत बसला होता! सगळेच तसं मोजतात, मान्य. पण डाळिंबाला ते पाजतो कोण?

गाइडनी समजावलं की आकडे खोटे नाहीत, सादर कर, विहिरीचं नंतर बघू. प्रफुल्लने प्रबंध मागे घेतला. मला त्याचा भयंकर राग आला. घरादाराच्या माणसाला हा ताठा परवडतो का? खुर्चीवर त्याचा ज्युनियर बसला आणि रजेचा अर्ज घेऊन प्रफुल्ल त्याच्यासमोर उभा राहू लागला. तो कधी कुरकुरला नाही, त्याचाही मला रागच यायचा.

गावोगावचं विहिरीचं पाणी आणत, त्यातही फुगावी म्हणून पावडरचे घटक बदलत वर्षं गेली. दोन हजार चारमध्ये एकदाची तोंडी परीक्षा लागली. मी मागच्या बाकावर बसलो होतो.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "इतरांची पावडर चारशेपट पिते, तुमची जेमतेम शंभरपट. मग इतक्या वर्षांत साधलं काय?"

"सर, सासऱ्यांची झाडं मी एकदा मारली होती," प्रफुल्ल म्हणाला. "या उन्हाळ्यात त्यांनी मला पुन्हा वावर दिलं."

"आणि झाडं?"

"आहेत, सर."