दाजींची दारू आणि माझी शपथ

गाढवपणा माझ्या हातून काही कमी झालेला नाही, पण बेळगुंदीला जो झाला त्याला तोड नाही! आधी चहा घ्या. नाहीतर ऐकता ऐकता गार व्हायचा.

मी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत कारकून. आमचं जैनाचं घर. दारू राहू द्या, आम्हाला मधसुद्धा वर्ज्य! आणि नेमके आमचे दाजी, थोरल्या आक्काचे यजमान, बाटलीच्या नादी लागलेले. माणूस मोठ्या मनाचा हो, पण सांज झाली की पाय गुत्त्याकडे वळायचे.

एक दिवस आक्का माहेरी आली. हातात पाटली नाही.

"नेमू, बेळगुंदीत भरमाण्णा सुतार म्हणून हाय. त्यानं सोता सोडलीया. बाजारादिवशी सांजचं सोडणारी माणसं त्याच्याकडं बसत्यात म्हणं. ह्यांना घिऊन जा. ह्यांची सुटल्याबगार मी त्या घरात पाय ठेवणार न्हाय."

"जातो की!"

"आन् चारचौघांत त्यांचं नाव निघता कामा न्हाय. जावई हाईत ते. शब्द दे."

मी छाती फुगवून शब्द दिला. इथंच माती खाल्ली!

लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं. आमच्या वखारीची कोळशावर चालणारी लॉरी बेळगावला निघाली होती. दाजी पडले जावई, ते ड्रायव्हरशेजारी. मी मागं, पोत्यांवर.

तुम्ही कधी तंबाखूच्या पोत्यांवर बसून बेळगाव गाठलंय? नका गाठू! वरून ऊन, पुढून धूर आणि खालून तंबाखू. संकेश्वरपर्यंत डोकं गरगरायला लागलं, हत्तरगीला ओकारी झाली. पुढं बैलगाडीनं बेळगुंदीला उतरलो तेव्हा डोळे लालभडक, टोपी तिरकी आणि पाय एक इकडं, एक तिकडं. दाजी मात्र पांढरंशुभ्र धोतर, जरीचा फेटा, कपाळाला गंध!

भरमाण्णाच्या सुतारशाळेत लाकडाच्या भुशावर पाच-सहाजण बसले होते. मध्ये ताटलीत बेलभंडारा. भरमाण्णानं आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या, पाव्हणं. कोण सोडणार हाय?"

आता दाजी तोंड उघडतील म्हणून मी थांबलो. दाजींनी उघडलं.

"ह्यो. माझा मेव्हणा."

"मी?" मी किंचाळलो. "मी थेंब पण घेत न्हाय!"

सगळे हसले. "पैल्या दिवशी समदे ह्येच म्हणत्यात!"

"अवो, मी दुसऱ्या कुणासाठी तरी आलोय!"

"मी पण चुलत्यासाठी आलतो," एक म्हातारा म्हणाला. "चुलता मरून धा वर्सं झालती!"

कुणीतरी गुळाचा चहा पुढं केला. मी म्हणालो, "नको. दिवस मावळल्यावर मी पाणीसुदिक पीत न्हाय."

"आगायायाया! म्हंजे दिवसाढवळ्याच उरकतोस?"

एक बोट दाजींकडं केलं असतं तर सुटलो असतो. पण आक्काला दिलेल्या शब्दाचं काय? बसलो त्यांच्यात भुशावर.

"सांग, दारूपायी काय गमावलंस?" भरमाण्णानं विचारलं.

काय सांगणार, कपाळ? माझं काय गेलं होतं? मग दाजींचंच माझं म्हणून सांगायला लागलो.

"घरात एकजण भाकरी झाकून वाट बघत बसती. गार झाली की परत तव्यावर टाकती. अंगणात पाऊल वाजलं की आधी पोरांना आत धाडती, मग कडी काढती. तिच्या हातात आईची पाटली हुती. ती बी मोडली. माहेरी सांगितलं, हिरीत पडली."

आक्काचे हे हाल मी तोवर कुणापुढं बोललो नव्हतो, स्वतःशीसुद्धा नाही.

भरमाण्णानं ताटली पुढं केली. "उचल."

आमच्या भागात बेलाचं पान आणि भंडाऱ्याची हळद, हा बेलभंडारा उचलला म्हणजे शपथ झाली, विषय संपला, मग जात-धर्म कुठलाही असो. मी उचलला! आणि तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात ताटलीत आला. दाजींचा. फेटा डोळ्यांवर ओढलेला, पण गाल ओले दिसतच होते.

"ह्यो एकटा कसा सोडंल? ह्याच्या सोबतीला मी बी उचलतो."

"वा रं वा! असा दाजी मिळायला नशीब लागतंय!" म्हणत भरमाण्णानं माझ्याच पाठीत धपाटा घातला.

दाजींची खरंच सुटली बरं का! वर्षभर आम्ही जमेल त्या बाजाराला बेळगुंदीला जात होतो. लॉरीत पुढं दाजी, मागं मी. आक्का नांदायला गेली.

पुढच्या साली आक्का-दाजींना घेऊन मला मुलगी बघायला चिकोडीकडं गेलो. पोहे झाले, मुलगी पसंत पडली. अगदी मनात भरली हो! तेवढ्यात तिचे वडील खाकरले.

"पोरगा चांगला हाय. पर बेळगुंदीला जातोय असं कानावर आलंय..."

मी दाजींकडं बघितलं. आता तरी खरं सांगतील! दाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

"व्हय, लई घ्यायचा. पर आता पार सुटलीया. हमी माझी!"

मी आक्काकडं वळलो. तिच्या हातात नवी पाटली होती, आणि डोळे मला हात जोडत होते.

लग्न तिथंच ठरलं, दाजींच्या शब्दावर. आणि जन्मात थेंब न चाखलेला मी उठलो, सगळ्यांदेखत दाजींच्या पाया पडलो आणि म्हणालो, "दाजी हुते म्हणून सुटली!"