फाळक्यावरची थाप

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते हसायला. पांढरी साडी, उलटे पाय, बंद घरातली पावलं... बायको म्हणायची, "हसू नका, वेळ सांगून येत नाही." मी तरीही हसायचो. सतरा वर्षं फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये वायरिंग केलं. आता उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रोडवर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. हॉर्न आपोआप वाजतो, लाईट आपोआप पेटते, गाडीत काहीतरी आहे बघा, असं म्हणत दर महिन्याला एखादा येतोच. दर वेळी कुठेतरी उंदरानं कुरतडलेली वायर निघते. तेव्हा खाली जे लिहितोय ते माझ्याच गळी उतरत नाही, हे आधी सांगून ठेवतो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील, ऊन लख्ख होतं. श्रावणात कोंबडी कोणी खात नाही, त्यामुळे ब्रॉयलर वाहणाऱ्या पिकअप रिकाम्या असतात आणि मालक त्यांची कामं काढतात. तशीच एक पिकअप माझ्या शेडमध्ये येऊन उभी राहिली. मालक कडेगावकडचा दत्ता. वर्षभरापूर्वीही एकदा येऊन गेलेला, तोंडओळख होती. बरोबर त्याची आई होती. सत्तरीची, बुटकी, हातात कापडी पिशवी. कराडला दवाखान्यात डोळे दाखवून, वाट वाकडी करून माझ्याकडे आले होते.

गाडी आत आली ती वास घेऊनच. कोंबड्यांच्या विष्ठेचा तो वास नाकात नाही, घशात बसतो. क्रेट उतरवले होते, पण गाडीचा मागचा हौद धुतलेला नव्हता. कोपऱ्यात एक मेलेली कोंबडी चिकटून वाळली होती. मी म्हटलं, "धुऊन तरी आणायची रे." तर म्हणाला, "परत घाणच व्हायची की, मेजर." आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मी हवालदार होतो.

त्याला पुढे बंपरवर दोन जादा लाईट हव्या होत्या आणि मागे फाळक्याखाली, म्हणजे हौदाच्या मागच्या दाराखाली, दोन रिव्हर्स लाईट. मी सांगितलं, पुढच्या लाईट हाय बीमवर घेतो, म्हणजे डिपर मारला की विझतील.

"छ्या! येगळं बटन द्या. समोरच्याला कळाय पायजे कोण आलंय ते."

मग समोरचा आंधळा होऊन खड्ड्यात गेला तरी चालेल. असल्या माणसांचा मला उबग आलाय. पण गिऱ्हाईक म्हणून गप्प बसलो आणि कामाला लागलो. तो फोन कानाला लावून रस्त्याकडेला गेला. आई बाकावर बसली.

पुढचं काम तासाभरात उरकलं. मागे मात्र गाडीखाली सतरंजी टाकून आडवं व्हावं लागलं. वायरिंगमध्ये पिसं गुंतलेली. विष्ठेनं हिरव्या पडलेल्या तांब्याचा हात लागताच भुगा होत होता. एक थेंब माझ्या ओठावर पडला. कशाचा होता ते मी स्वतःला अजून विचारलेलं नाही. दोनदा थुंकून परत आत गेलो.

रिव्हर्सच्या मूळ वायरवरून रिलेला, म्हणजे लाईट चालू करणाऱ्या डबीला, कनेक्शन घ्यायचं होतं. ती वायर शोधताना बझरची वायर हाताला लागली. रिव्हर्स टाकल्यावर पीं-पीं करतो तो बझर. वायर कापलेली होती. पण कशीही तोडलेली नाही... दोन्ही टोकं स्वच्छ, त्यावर पिवळी स्लीव्ह, म्हणजे प्लॅस्टिकची नळी, गरम करून बसवलेली. आमच्या भागात टोकाला काळी टेप गुंडाळून सोडतात. पिवळी स्लीव्ह बसवणारा या पट्ट्यात एकच माणूस मला माहीत आहे.

मग आठवलं. आदल्या श्रावणात हाच दत्ता याच शेडमध्ये म्हणाला होता, "ते पीं-पीं बंद करा, मेजर, डोकं उठतंय. आण्णा असतोय की मागं थाप द्यायला." आण्णा म्हणजे त्याचे वडील. मला काय, पाच मिनिटांचं काम. केलं.

गाडीखालूनच विचारलं, "मावशी, आण्णा कसे आहेत?"

म्हणाल्या, "आण्णा गेलं की. दिवाळीच्या आदी."

मी बाहेर आलो. हात पुसत बसलो. त्यांनी न विचारता सांगितलं. रडत नव्हत्या, सरळ सांगत होत्या.

"कोंबड्यांच्या शेडाला दत्ता गाडी मागं घेत व्हता. त्ये मागं हुबं. त्येंची पद्दत ठरल्याली. दोन जोरात दिल्या की थांब. गाडी थांबली की हळूच एक... म्हंजी बास, बराबर लागली. त्या दिशी ह्येनं टेप लावला व्हता मोट्यानं. मी शेडात पक्ष्यास्नी पाणी घालत व्हते. दोन आयकल्या मी. तिसरी न्हाई आली."

फाळका आणि शेडचा खांब, यांच्यामध्ये. मी विचारलं नाही, त्यांनीच हातानं दाखवलं. वर म्हणाल्या, "तिसरा दिस झाला आन गाडी मिरजंला माल घिऊन गेली. हीच गाडी. दुसरी कुठनं आणायची?"

शिसारी आली. त्या पोराची आली, हे लिहायला सोपं आहे. पण सतरंजीवर बसून मी बघत होतो ते माझ्या बोटांकडे.

तेवढ्यात दत्ता आला. मी म्हटलं, "हे बघ, बझर जोडतो. आता वडील नाहीत."

"नको नको. डोकं उठतंय त्या आवाजानं. म्हनून तर लाईट बशिवतोय. आन आई असतीय की मागं."

शब्द तेच. फक्त आण्णाच्या जागी आई. आणि ती समोर बसून ऐकत होती. तिला यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही, याचा मला जास्त राग आला. आता तुम्ही विचाराल, मग तू काय केलंस? काही नाही. गाडी त्याची, मर्जी त्याची, असं मनाशी म्हणून मी परत गाडीखाली शिरलो. पिवळी टोकं तशीच ठेवली. या हकिकतीत मला सगळ्यात जास्त किळस कशाची येत असेल, तर या पाच मिनिटांची.

जोडणी संपली. टेस्ट करायला मी केबिनमध्ये बसलो. इंजिन बंद, फक्त चावी फिरवली, रिव्हर्स गिअर टाकला. रिले टिक् झाला. आणि मागून फाळक्यावर दोन थापा पडल्या.

धप्. धप्.

उघड्या पंजानं मारल्यासारख्या. अख्खा हौद दणाणला. मला वाटलं दत्ता असेल. उतरून मागे गेलो तर तो पार पानटपरीपाशी, फोनवर. मागे कोणी नाही. दोन्ही लाईट पेटलेल्या, शेडच्या अंधारात पांढऱ्याफेक. मावशी बाकावरून माझ्याकडे बघत होत्या, तोंडावर पदर धरून. मी गिअर काढला, परत टाकला. लाईट लागली, थाप नाही. फाळक्याच्या कड्या बघितल्या, घट्ट. हौदाचा पत्रा दाबून बघितला. उन्हात तापलेला पत्रा सावलीत आला की टणकतो, तसं असेल, म्हणून सोडून दिलं.

"त्येंचीच हाय," मावशी एवढंच म्हणाल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पाच वाजता दत्ता गाडीत बसला. गाडी तोंडानं आत आलेली, म्हणजे आता मागे घेत सर्व्हिस रोडवर काढायची. त्यानं काच वर केली, फोन परत कानाला लावला, आणि मान न वळवता हात हलवला... आईला, मागं जाऊन उभी राहा म्हणून. मावशी गेल्या. माझ्या शेडच्या तोंडाशी गटारावर लोखंडी जाळी आहे. तिथे त्यांची चप्पल अडकली. पिशवी खांद्यावर टाकून त्या खाली वाकल्या आणि दोन्ही हातांनी चप्पल ओढायला लागल्या.

मी गाडीच्या तोंडाशी होतो, टेस्ट लॅम्पची वायर गुंडाळत. रिव्हर्स लाईट लागल्या, गाडी मागे सरकायला लागली. मी ओरडलो. बॉनेटवर हात आपटला असता तरी चाललं असतं, पण तेवढं सुचलंच नाही. नुसता ओरडत राहिलो, "थांब! दत्ता, थांब!" काच बंद. तो फोनवर हसत होता. बुटकी बाई, त्यात वाकलेली. आरशात दिसणं शक्यच नव्हतं.

धप्! धप्!

मघाच्यापेक्षा दुप्पट जोरात. गाडी खाडकन थांबली. मी धावत मागे गेलो. मावशींच्या पाठीत आणि फाळक्यात वीतभर अंतर होतं. त्या अजून वाकलेल्याच, दोन्ही हात चपलेवर. आजूबाजूला चिटपाखरू नाही. आणि मी तिथे उभा असताना, फाळका माझ्या डोळ्यांसमोर असताना, त्यावर हळूच एक थाप पडली.

एकच. बैलाच्या पाठीवर मारतात तशी. पत्रा किंचित थरथरलेला मी पाहिला. हात नव्हता.

मावशी ताठ झाल्या. फाळक्यावर तळवा ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच.

"आली बाई तिसरी."

दत्ता दार उघडून उतरला. मला वाटलं, आता हा पाय धरेल आईचे. तो माझ्यावरच तडकला, "ओ मेजर, येवढ्या जोरात कशाला हानताय? पत्रा चेपंल की!" आणि खाली बसला. आईजवळ नाही, फाळक्यापाशी. नवीन लाईटवर बोट फिरवून बघत होता, काच तडकली का म्हणून.

मी आयुष्यात कोणावर हात उचललेला नाही. त्या दिवशीही नाही उचलला, पण त्याच्या हातातली चावी हिसकावून घेतली. मावशींना परत बाकावर बसवलं, पाणी दिलं. गाडीखाली शिरलो, त्या दोन्ही पिवळ्या स्लीव्ह कापल्या, वायर सोल्डर केली. बझर वाजला, पीं-पीं, पीं-पीं. तो आवाज इतका गोड मला कधीच लागला नव्हता. जाताना मावशींना सांगितलं, "आता गाडीमागं उभं राहायचं नाही." त्या म्हणाल्या, "बगू." त्या "बगू"चा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो.

चार दिवसांनी दत्ताचा फोन आला. बझरनं डोकं उठतंय, येऊ का? मी नको म्हणालो आणि फोन ठेवला. आता त्यानं दुसरीकडून कापून घेतला असेल तर मला माहीत नाही. एक पकड आणि पाच मिनिटं, एवढंच लागतं.

माझ्या ओळखीचा एक डिझेल मेकॅनिक म्हणतो, क्लच सोडताना गिअरबॉक्सनं झटका दिला असेल, हौद वाजला असेल. असेलही. पण तिसऱ्या थापेच्या वेळी गाडी जागेवर उभी होती, आणि पहिल्या वेळी तर इंजिनच बंद होतं. त्यानंतर मी तसल्या दोन-तीन पिकअप मुद्दाम रिव्हर्सला टाकून बघितल्या, फाळक्याला कान लावून. काही नाही. रिले टिक् होतो, तेवढाच.

थाप कोणी दिली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बझर कोणी कापला, याचं आहे. पिवळ्या स्लीव्हचं पाकीट अजून माझ्या खणात पडून आहे, आणि हात घालावासा वाटत नाही.