सिगरेटच्या बत्तीचं बटण

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माणसं एकेक करून जातात आणि त्यांचं बोलणं तेवढं आपल्याकडे राहतं. लोहगावच्या आमच्या विमानदुरुस्तीच्या शेडमधलं असंच बरंच माझ्याकडे पडून आहे. ऐकायला त्यातलं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी तिथे लागले सीटची कव्हरं शिवायला. शिक्षण चौथी. विमानात डोक्यावर ती ‘नो स्मोकिंग’ची बत्ती असते ना, ती लावतं कोण, असं मी इंजिनिअर साहेबांना विचारलं. म्हणाले, “बाई, तुम्ही टाके मोजा.”

मग डबा खायच्या सुट्टीत मॅन्युअल आणि डिक्शनरी घेऊन बसले. महिन्यात कळलं! कॉकपिटच्या छताला बटण असतं. त्याच्या तीन खुणा, ऑफ, ऑटो, ऑन. ऑटोवर ठेवलं तर उतरताना चाकं बाहेर आली की बत्ती आपोआप लागते.

*

एकदा बत्ती काही केल्या लागेना. साहेबांनी बल्ब बदलले, वायरी उसवल्या, तीन तास घाम गाळला. मी कॉकपिटमध्ये डोकावले.

“साहेब, बटण ऑफवर आहे!”

“माहीत होतं मला. तुमची परीक्षा घेत होतो.”

“तीन तास?”

*

आमचे फोरमन केळकर दिवसाला दोन पाकिटं ओढायचे. ते कुठल्या विमानात आहेत, हे खोकल्यावरून कळायचं. मी तोंडावर सांगायची, “केळकर, मराल!”

“अहो बाई, बंदी विमानात आहे. मी जमिनीवर ओढतो.”

मग एके दिवशी छातीचा एक्स-रे घेऊन आले. खिडकीशी धरून आम्हाला तो डाग दाखवला. “शॉर्ट सर्किट आहे म्हणतात.”



*

पुढे विमानात सिगरेट कायमचीच बंद झाली. बत्ती सदा चालू, बटणाला काम उरलं नाही. त्याच महिन्यात केळकर रिटायर झाले. निरोपाला एकच वाक्य बोलले, “आम्ही दोघं एकदमच सुटलो.”

*

जाताना त्यांनी भंगारातली एक बत्ती मागून घेतली. कोथरूडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ती मीच बसवून दिली. बटण स्वयंपाकघरात, केळकरवहिनींच्या हाताशी.

“ऑटो नको का?” मी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, “मी आहे ना!”

बत्ती लागली की केळकर निमूट सिगरेट विझवायचे. दोन पाकिटांवरून दोन सिगरेटींवर आले. पण फार उशीर झाला होता. वर्षाच्या आत गेले.

तेराव्याला पंगत उठल्यावर मी आवराआवर करायला आत गेले. बाल्कनीतली बत्ती अजून जळत होती. मुलगा म्हणाला, “आई, काढून टाकू का ती?”

वहिनींनी पदराला हात पुसले आणि बटण बंद केलं.

“राहू दे तिथेच. आता ओढू दे त्यांना.”